ओटीतलं वजन

फार पूर्वी एका खोल दरीत एक गाव होतं. एका साली डोंगराचा कडा कोसळला आणि बाहेर जायची एकुलती एक वाट बुजली. त्यातच गावात तापाची साथ आली. औषध होतं, पण ते डोंगरापलीकडच्या वैद्याकडे.

गावातल्या शिंपिणीची लेक तापाने फणफणली होती. शिंपिणीने घराघरांतली लुगडी जोडून भलामोठा फुगा शिवला, खाली टोपली बांधली आणि पेंढ्याचा जाळ करून फुग्यात गरम हवा भरली. ती टोपलीत बसली, तसा फुगा दोर ताणून वर चढला. तिने तो पुन्हा खाली उतरवला. आता आणखी एकदाच फुगवता येईल एवढा सुका पेंढा उरला होता.

"गरम हवा हलकी असते, म्हणून बाहेरची हवा फुग्याला वर ढकलते," तिने गावाला सांगितलं. "पण तिचा जोर माझ्यापुरताच आहे. टोपलीत दुसरं काही ठेवू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गाव मोठं मायाळू होतं, तीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघायला टोपलीत बसली. म्हातारी सुईण पुढे आली. "रिकाम्या ओटीनं आपण कुणाला वेशीबाहेर धाडत नाही गं," म्हणत तिने नारळ-तांदूळ ओटीत घातले. लेक हिच्याच हातून जन्मलेली, हिला नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मग कुणालाच अडवता येईना. वाण्याने गुळाची ढेप ठेवली. पाटलांनी तांब्याची घागर ठेवली, कारण वैद्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

उरलेला पेंढा पेटवला, फुगा तट्ट फुगला, पण टोपली जागची हलली नाही.

"काढा सगळं, हात जोडते," शिंपीण म्हणाली.

"एका नारळानं काय होतंय? आधी घागर काढा," सुईण म्हणाली.

"घागर गावाच्या मानाची आहे. ढेप काढा," पाटील म्हणाले.

वाणी म्हणाला, "मग वाटेत ती खाईल काय?"

शेवटी शिंपिणीनेच एकेक वस्तू बाहेर लोटली. तोवर पेंढ्याची राख झाली होती. आतली हवा निवून बाहेरच्या हवेइतकीच जड झाली आणि फुगा तिच्या अंगावर पडला.

त्याच दिवशी मावळतीला लेक गेली. सगळं गाव शिंपिणीजवळ बसून रडलं. ते रडणं खरं होतं, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता.

तात्पर्य: हवेला माया कळत नाही, वजन तेवढं कळतं. निघालेल्याला ओझं होत असेल, तर आपण दिलेलं आधी आपणच काढून घ्यावं.