शेंड्यावरचा करड्या

सांगा बरं मंडळी, पहाऱ्याला कुणाला बसवाल? 'सगळं दिसतंय' म्हणणाऱ्याला, की 'दिसत नाही' म्हणणाऱ्याला?

फार मागं एका बाभळीच्या रानात सातभाई पक्ष्यांचा थवा होता. सहा जण पाचोळा उलथून किडे टिपायचे आणि सातवा शेंड्यावरून झडप घालणारा शिकारी शिक्रा कुठं आहे ते ओरडून सांगायचा. त्या दिवशी शेंड्यावर करड्या होता. त्याच्या नजरेचा थव्यात मोठा बोलबाला.

"करडोबा, शिक्रा कुठं रे?" पंख दुखावलेल्या थोरल्या आक्कानं विचारलं.

"वडावर, आक्का!"

करड्या पुन्हा बघतो तर वडावर नुसती पानं हलताहेत. सांगावं, तर थव्यातला धाकटा वर्षभर चिडवणार.

"आहे ना रे अजून तिथंच?"

"आहे, आहे!"

आक्का निर्धास्त झाली आणि झुडूप सोडून, वडापासून लांब, उघड्यावर लंगडत निघाली. करड्याचा पाय फांदीवर ठरेना. इकडं बघ, तिकडं बघ, शिक्रा कुठंच नाही. अखेर लाज गिळून तो किंचाळला, "आक्का, खोटं बोललो! मला दिसत नाही!"

सहा माना सहा दिशांना वळल्या. "मागं! पळसावर!" धाकटा ओरडला. सगळे आक्काभोवती कोंडाळं करून झुडपात घुसले. शिक्र्याच्या पंजात आक्काच्या शेपटीचं एक पीस तेवढं आलं.

"वा रे तीक्ष्ण नजर!" धाकट्यानं टोमणा हाणलाच.

"गप रे," आक्का धापा टाकत म्हणाली. "उद्याही शेंड्यावर हाच बसेल."

तेव्हा मंडळी, सोबत्यांना हिशेब देताना दिसलेल्याबरोबर न दिसलेलंही खरं मांडा, एवढीच विनंती.