नाव बदलण्याचा मान

काही नावं अशी असतात, की ऐकताच डोळ्यांपुढे भरजरी पैठणी उभी राहते. रत्नप्रभा हे त्यातलंच. इनामदारीणबाईंनी लेकीसाठी ते निवडलं, तेव्हा गावात दुसरी रत्नप्रभा असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण सगुणा कुंभारणीच्या नणंदेनेही बारशाला भाचीच्या कानात नेमकं तेच नाव सांगितलं होतं!

मुली वाढल्या, लग्नाच्या झाल्या. हळदीकुंकवाला कुणी "रत्नप्रभा" अशी हाक मारली, की सगळ्या माना कुंभाराच्या पोरीकडे वळायच्या. "नाव शोभतं हो हिला!" बायका म्हणायच्या आणि बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा त्यांना राहवेना. भर बायकांत त्या कडाडल्या, "सगुणे, तुझ्या पोरीचं नाव मी आजपासून बदलतेय. धोंडी म्हणायचं तिला. चिखल तुडवणारीला तेच बरं."

आत येणारा बाईसाहेबांचा लग्नाचा मुलगा दारातच थबकला. सगुणा मात्र शांतपणे उठली आणि बाईसाहेबांच्या पाया पडली.

"हे गं काय?"

"बाईसाहेब, मुलीचं नाव ठेवते आत्या आणि बदलते ती सासू. आत्या काही तुम्ही नव्हे. तेव्हा विहीणबाई, मुहूर्त कधीचा धरायचा तेवढं सांगा."

बाईसाहेबांच्या हातातली हळदीची वाटी कलंडली. "नको, नको! रत्नप्रभाच राहू दे तिचं नाव!"

बायका पदराआड हसल्या. दारातल्या मुलाचा चेहरा तेवढा पडला.