वृश्चिक की भुजंगधारी?

“मग खरं काय धरायचं, महाराज? पंचांग की आकाश?”

प्रवरेकाठच्या मठात सकाळी सकाळीच वामन जोशीने हा प्रश्न टाकला आणि कागदांचं बाड महाराजांपुढे ठेवलं. पंचक्रोशीतल्या पत्रिका बघायच्या त्या वामननेच. गडी हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

महाराज शेंगा सोलत बसले होते. “झालं काय एवढं?”

“पंचांगात राशींचे बारा सारखे भाग. आकाशातले तारे कुठे असे मापून बसलेत? आम्ही चंद्र मांडतो वृश्चिकेच्या शेवटच्या अंशांत, आणि वर बघावं तर स्वारी भुजंगधारीत! तो तारकासमूह बारा राशींत नाहीच.”

“बरं, नाही. मग?”

“मग...” वामन अडखळला. “राहुरीच्या खिस्त्यांची शालिनी. तीन वर्षांपूर्वी तिचं स्थळ मला सांगून आलं होतं. मी मिथुन, ती वृश्चिक. मृत्युषडाष्टक! दोघांतलं एक जातं म्हणतात. मी पत्रिका परत पाठवली.”

“आवडली नव्हती वाटतं?”

“आवडली नव्हती?” वामनचा आवाज चिरकला. “त्यानंतर दुसरी मुलगी पाहिली नाही मी! तिचंही अजून कुठे जमलेलं नाही. तिचा चंद्र त्या शेवटच्या अंशांतलाच. आकाश खरं धरलं, तर ती वृश्चिकेची नाहीच. मग अडचण कसली?”

“परत पाठवताना निरोप काय दिलास?”

“जे होतं तेच. पत्रिका जुळत नाही.”

महाराजांना हसू आवरेना. “अरे वेड्या! मुलगी पसंत नसली की अख्खा महाराष्ट्र हेच सांगतो.”

वामन पांढराफटक पडला. एवढा गणिती, पण हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तीन वर्षं ती बिचारी काय समजून बसली असेल...

“या तुझ्या भुजंगधारीची हद्द कोणी आखली?” महाराजांनी विचारलं.

“माणसांनीच.”

“आणि वृश्चिकेची?”

“तीही...”

“मग ती जन्मली तेव्हा चंद्र होता कुठे?”

वामन कागदांवरची नजर उचलून दाराबाहेर बघू लागला. मग हळूच म्हणाला, “आकाशात.”

महाराजांनी बाडातला वरचा कागद ओढला, त्यात सोललेले दाणे भरले, झकास पुडी बांधली आणि वामनच्या हातात दिली.

“वाटेत खा. राहुरीची एसटी दहाला सुटते. ‘अडचण कसली’ हे मला विचारलंस, ते तिला विचार.”

वामनला एकदम हलकं वाटलं. तो उठला, पायांत चपला सरकवल्या, अंगणापर्यंत गेलाही. तिथे मात्र थबकला.

“महाराज, पण... आज अमावस्या आहे.”

“बरं झालं. गाडीत बसायला जागा मिळेल.”