नारिंगी धूर

“मग मी काय निवडायला हवं होतं, बाबा?”

करीमबाबा कड्यावरच्या दर्ग्याच्या कट्ट्यावर आमसुलं वाळत घालत होते. बातमी आली त्या दुपारीही ते हेच करत होते. ऊन चांगलं होतं. खालून कुणीतरी ओरडत आलं, की श्रीरंगची शिडाची होडी उलटली आणि त्याची लेक मृण्मयी सापडत नाही.

आज तेराव्यानंतर श्रीरंग आला होता. हौशी लोकांना शिडाच्या होड्या शिकवणारा, खाडीतला नावाजलेला माणूस.

“मदत मागायला रात्रीसाठी लाल ज्योती,” तो म्हणाला. “दिवसासाठी नारिंगी धूर. झेंडा. आरसासुद्धा. सगळं मी निवडलेलं. एकाचीही मुदत संपलेली नव्हती. माझ्यासारखी तयारी या किनाऱ्यावर कुणाची नाही.”

“धूर पेटला होता?”

“पेटला. धुराचं नळकांडं रिकामं सापडलं.”

“मग निवड बरोबर होती.”

“बरोबर असती तर…”

बाबांनी आमसुलं उलटली.

“सोमवारी दुसरी पोरं होड्या काढतील, बाबा. त्यांना काय देऊ?”

“तसलं नळकांडं आहे जवळ?”

“पिशवीत आहे.”

“लाव.”

“इथं? उगाच लावायचं नसतं. संकटाची खूण आहे ती. लोक धावत येतील.”

“येऊ देत.”

श्रीरंगने कडी ओढली. दाट नारिंगी धूर कड्यावरून उतरला आणि खाली पुळणीच्या वाळूवर पसरला.

खाली आरडाओरडा झाला. माणसं खरंच धावत वर आली. सगळ्यांत पुढे एक मुलगी होती, ओढणी सावरत. मागे मोबाइल उंच धरलेला मुलगा.

“काका, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय!”

“अरे लवकर, संपेल तो!”

“परवा लग्नाचे फोटो काढायला आलेल्या त्या जोडप्याचा धूर गुलाबी होता. हाच भारी आहे.”

एका बाईने हसून श्रीरंगला विचारलं, “नवरानवरी कुठायत, भाऊ? हळद कधी?”

नळकांडं श्रीरंगच्या हातात तापलं होतं. त्याने ते सोडलं नाही.

धूर विरला. माणसं फोटो बघत उतरली.

श्रीरंगने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही इथंच होतात… तुम्हाला तिचा धूर दिसला होता?”

“दिसला.”

“आणि?”

“म्हटलं, कुणाचं तरी लग्न ठरलंय. दुआ दिली.”

समुद्र सपाट होता. त्यावर काहीच नव्हतं.

श्रीरंगने पिशवी उघडली. उरलेली नळकांडी एकेक करून कट्ट्यावर मांडली, मुदतीचे आकडे वर येतील अशी.

“सांगा, बाबा. यातलं कुठलं?”

बाबांनी नळकांड्यांकडे पाहिलं नाही. खाली, गावातल्या कौलांकडे पाहिलं.

“होडीला सगळं दिलंस. गावाला सांगायचं राहिलं.”