विहिरीच्या वाटेवरचा कोंबडा

“बाबा, हा असा तिरका का चालतोय?”

दस्तगीरबाबा पिराच्या तकियाच्या ओट्यावर बाजेचा सुंभ आवळत होते. मान वर न करता म्हणाले, “तरणा झाला.”

निशिगंधा बघत राहिली. नवसाला सोडलेलं ते पिल्लू तिनंच तळहातावर कण्या ठेवून वाढवलेलं. मांडीवर झोपायचं. आज त्यानं एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती अर्धी फेरी मारली.

कॉलेज शिकलेली पोर, पण भांडं पडलं तरी दचकायची. तेवढी भीती जावी म्हणून तर उन्हाळ्यापासून ती बाबांकडे राहिली होती.

ती एक पाऊल मागं सरली.

दुसऱ्या दिवशी कोंबड्यानं झेप घेतली. पोटरीवर नख्या उमटल्या.

“बाबा!”

ओट्यावरून ओ आली नाही.

तिनं सूप आडवं धरलं. त्यानं सुपावर लाथा झाडल्या. काठी उगारली, तो दुप्पट फुलला. विहिरीची वाट सोडून ती भिंतीकडेनं जायला लागली, तर हा भिंतीपाशीही हजर. रोज ती हाका मारायची. बाबा आपले सुंभ आवळायचे.

“तुम्ही ओ का देत नाही?”

“अंगण कुणाचं गं?”

“तकियाचं.”

“आणि विहीर?”

तिनं विहिरीकडं पाहिलं. वाटेत कोंबडा उभा होता.

“त्याला विचार,” बाबा म्हणाले. “त्याला ठाऊक असंल.”

गुरुवारी दर्शनाला आलेल्या म्हातारीच्या हाताला त्यानं टोचलं. रक्त आलं. बाबा सुंभ टाकून उठले.

“सकाळी मेहबूब खाटीक सुरी घेऊन येईल. नाहीतर तू त्याला उचल.”

“मी? डोळा फोडेल तो माझा.”

“मग सुरी.”

“हातानं चारून वाढवलाय मी त्याला, बाबा.”

“हे त्याला सांग.”

सकाळी ती अंगणात उतरली. हातात सूप नाही, काठी नाही. कोंबड्यानं पंख पाडला. तिनं पाऊल टाकलं, पुढं.

तो उडाला, तिच्या गुडघ्यावर आपटला. पुन्हा उडाला. ती तिथंच.

मग त्यानं भलतंच केलं. मान खाली घालून मातीत टोचायला लागला. तिथं दाणा नव्हता.

तिनं वाकून दोन्ही पंख दाबले आणि त्याला काखेत घेतलं. काखेत काहीतरी धडधडत होतं. त्याचं की आपलं, तिला कळेना.

फाटकात सायकल थांबली. “ताई, माझ्यासाठीच धरलाय जणू?” मेहबूब हसला.

“नाही. सुरी घरी घेऊन जा.”

कोंबडा काखेत तसाच ठेवून ती मधल्या वाटेनं विहिरीपर्यंत गेली. काठावर बसली. हाक मारायचं खरं तर काही कारण उरलं नव्हतं.

“बाबा…”

ओट्यावरचा हात थांबला.

“ओ, पोरी,” बाबा म्हणाले. “कधी आलीस?”