वाऱ्यासाठी राखलेले दोन दिवस

नदीकाठच्या एका जंगलात, पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर सुगरणीचे एक पोर राहत असे. चोच मोठी चलाख, पण अभ्यास म्हटला की त्याचे उत्तर ठरलेले, "त्यात काय, एका दुपारचं काम!" जंगलातल्या शाळेचे गुरुजी होते म्हातारे सुतार पक्षी. त्यांनी पंधरा दिवसांत घरटे विणायला सांगितले, तेव्हा या पठ्ठ्याने चौदा दिवस फांदीवर झोके घेतले आणि पंधराव्या दुपारी कसेबसे गवत गुंफले. गुरुजींनी घरट्यात अंड्याएवढा खडा ठेवून फांदी हलवली. खडा तळातून निसटला तो थेट नदीत! सगळा वर्ग खो खो हसला. पोराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आणखी पंधरा दिवस देतो," गुरुजी म्हणाले. "पण या वेळी खडा पडला, तर पुढचं वर्षभर धाकट्यांच्या फांदीवर बसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराने काय केले असेल, बाळांनो? आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपले काम मोजून पाहिले. गवताचे हिरवे पाते शोधायचे, चोचीत धरून आणायचे, मग गाठ मारून ओवायचे. ऊन एका फांदीवरून दुसरीवर सरकले, तेव्हा जेमतेम दहा पाती विणून झाली होती. घरट्याला तर शेकडो लागणार! बरे, सगळी एकदम आणून ठेवावीत, तर वाळलेले पाते गाठ मारताना मोडते. पोराचे डोळे खाडकन उघडले. "अबब! हे तर बारा दिवसांचं काम!" त्याने लगेच ठरवले, बारा दिवस विणायचे आणि पुढचे दोन मोकळे ठेवायचे.

"मोकळे कशाला रे?" शेजारच्या कावळ्याने विचारले.

"वाऱ्यासाठी, काका."

"वारा? इथे पानसुद्धा हलत नाही! आणि वारा काय आधी निरोप धाडून येणार आहे?"

"निरोप येत नाही, म्हणूनच दिवस राखलेत," पोर म्हणाले आणि गवत आणायला उडाले.

बाराव्या दिवशी शेवटची गाठ बसली आणि त्याच संध्याकाळी वारा सुटला. घरट्यात शिरायची खालची नळी पार उसवून नदीत गेली. पोराला रडूच कोसळले. मग त्याला आठवले, आपले दोन दिवस अजून शिल्लक आहेत! त्याने डोळे पुसले आणि तेराव्या दिवशी उजाडताच ते कामाला लागले. चौदाव्या दिवशी नळी पहिल्यापेक्षा घट्ट विणून तयार झाली.

परीक्षेच्या दिवशी गुरुजींनी खडा ठेवला, फांदी हलवली. खडा जागचा हलला नाही. त्यांनी दोन खडे ठेवले, मग तीन, आणि फांदी गदागदा हलवली. घरटे ऐटीत झुलत राहिले. "शाब्बास!" गुरुजींनी खोडावर ठकठक चोच आपटली. "उद्यापासून मोठ्यांच्या वरच्या फांदीवर बस!" सगळ्या वर्गाने एकच गलका केला आणि पोराने आनंदाने नदीवर तीन गिरक्या घेतल्या.

कावळा मात्र आपल्या विस्कटलेल्या घरट्याशेजारी ओशाळून बसला होता. "बाळा," तो हळूच म्हणाला, "एखादा दिवस उसना मिळेल का रे?"

"दिवस कसा देऊ, काका? पण काड्या गोळा करायला येतो की!" असे म्हणत पोर त्याच्याकडे झेपावले.

तात्पर्य : कामाला किती वेळ लागेल हे नुसते मनाशी ठरवू नये, थोडे करून पाहावे, आणि निरोप न धाडता येणाऱ्या अडचणीसाठी मुदतीतले काही दिवस हाताशी राखावेत.