एकशे अकरा, अधिक-उणे दोन

"म्हणजे पुन्हा पहिलं वर्ष? मी?"

उज्ज्वलाने हे तिसऱ्यांदा विचारले. अप्पा कापसाचे बोळे वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अप्पांचा मठ बालाघाटच्या एका टेकडावर आहे. पडवीत दवाखाना चालतो आणि मी तिथला कंपाउंडर. अप्पा आधी गणिताचे पदवीधर, मग डॉक्टर, मग संन्यासी. मठातली त्यांची पहिली दोन वर्षे नुसते अंगण झाडण्यात गेली, असे ते स्वतःच सांगतात.

अशा अप्पांकडे उज्ज्वला बिडवे आली होती. सल्ला मागायला नव्हे, चिठ्ठी मागायला.

रसायनशास्त्रात बीएस्सी, विद्यापीठात पहिली. मग प्रयोगशाळेत नोकरी. ती सांभाळून मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली आणि सरकारी कॉलेजात जागा मिळवली. हे काही थोडेथोडके नव्हे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत तिथे हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

"तिथले डीन तुमचे विद्यार्थी आहेत, अप्पा. मला पहिल्या वर्षाच्या जीवरसायनातून सूट द्या, एवढंच लिहायचं. त्या पोरांना तर मी शिकवू शकते. त्यांच्या शेजारी बसून आम्ल म्हणजे काय ते ऐकत बसू?"

"आणि चिठ्ठी नाही दिली तर?"

"तर जात नाही. नोकरी आहे माझी."

चिठ्ठी तिने घरूनच टाइप करून आणली होती. सही तेवढी बाकी होती. पोरीचा ठसका असा, की मी बाटल्या पुसायचे थांबवून बघत राहिलो.

अप्पांनी कापूस बाजूला ठेवला.

"आधी या कौसाबाईंची नाडी बघ."

कौसाबाई सकाळपासून खांबाला टेकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. दोन दिवसांपासून चक्कर येत होती. मुलगा मोटारसायकलवरून सोडून गेला होता.

"मी बघू?"

"पोरांना शिकवणार म्हणालीस ना?"

उज्ज्वला खुलली. तिने मोबाइलवर वेळ लावली, म्हातारीच्या मनगटावर अंगठा घट्ट दाबला आणि मिनिटभर मोजले. मग पुन्हा मोजले. मग आणखी एकदा. एका मोजणीवर भरवसा ठेवायचा नाही, ही प्रयोगशाळेची शिस्त. चिठ्ठीच्या पाठीवर तिने तिन्ही आकडे लिहून सरासरी काढली.

"एकशे अकरा. अधिक-उणे दोन."

"खात्री आहे?"

"तीनदा मोजलंय, अप्पा."

"मग औषध?"

"वेग कमी करणारं. त्याची रचनासुद्धा काढून दाखवते, हवी तर."

अप्पांनी कपाटातून एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"दे."

तिने हात पुढे केला. कौसाबाईंनी तोंड उघडले. तेवढ्यात अप्पांनी त्या गोळीवर आपला पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने म्हातारीचे मनगट घेतले, त्यावर तीन बोटे टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

...

"अठ्ठेचाळीस."

"शक्यच नाही!"

"कौसाबाई, छातीत धडधडतंय का?"

"नाई हो अप्पा. समदं कसं मंद मंद व्हायलंय. डोळ्यापुढं अंधारी यायलीय."

उज्ज्वलाचा चेहरा उतरला. तिने हातातल्या गोळीकडे पाहिले.

"ही पोटात गेली असती तर..."

अप्पांनी गोळी काढून घेतली.

"पण माझ्या तिन्ही मोजण्या सारख्या आल्या होत्या."

"येणारच. मोजण्यात तू चुकली नाहीस."

"मग?"

अप्पांनी तिचा अंगठा धरून तिच्याच डोळ्यांपुढे आणला.

"यालाही नाडी असते, पोरी. हात कौसाबाईंचा धरलास आणि मोजलीस ती ही. तीनदा."

कौसाबाई चक्कर विसरून हसल्या. "म्हंजे औषध हिलाच लागतंय की!"

उज्ज्वला हसली नाही.

"तासभर इथं बसून आहेस," अप्पा म्हणाले. "टेकड चढल्याचा दम केव्हाच उतरला. मग हे एकशे अकरा कशाचे?"

"भिते मी, अप्पा."

तिचा आवाज एकदम लहान झाला.

"शाळेपासून पहिला नंबर सोडला नाही. तिथं पहिल्या दिवशी मला काहीच येत नसेल. चोविसाव्या वर्षी सतरा-अठराच्या पोरांत ढ म्हणून बसायचं... एका विषयात सूट मिळाली, तर निदान वाटेल, मी अगदी कोरी नाही."

खरे सांगतो, ती पोर मला आवडली ती तेव्हा.

अप्पांनी तिचा हात पुन्हा कौसाबाईंच्या मनगटावर नेला. तीन बोटे वर ठेवली. अंगठा मनगटाखाली सरकवला.

"आता बघ."

"लागत नाही."

"लागेल."

...

"नाहीच लागत, अप्पा."

"घाई कोणाला आहे? कौसाबाई, तुम्हाला आहे?"

"मला कशाची आलीय?"

उज्ज्वलाने डोळे मिटले.

"लागली!"

मग ती मिनिटभर मोजत राहिली. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"अठ्ठेचाळीस. आणि मधेच एखादा ठोका गळतोय, अप्पा."

ठोका गळतो हे अप्पांनी तिला सांगितले नव्हते. त्यांच्या भुवया वर गेल्या. इतक्या वर्षांत त्या मी फार थोड्या वेळा वर गेलेल्या पाहिल्या आहेत.

"लिही."

तिने चिठ्ठीच्या पाठीवरचे एकशे अकरा खोडले. अठ्ठेचाळीस लिहिले, गळणारा ठोका लिहिला, चक्कर लिहिली. अप्पांनी खाली सही केली. तिला हवी होती ती सही तिला मिळाली, पण कागदाच्या दुसऱ्या बाजूला.

"यांना मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच. तुझ्याच कॉलेजचा आहे. मठाची जीप घ्या आणि हा कागद तिथं दाखव."

"आणि मी... उद्या?"

"आजच पोचतेयस की. उद्या पाचच्या आत नाव घालायचं."

ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच.

आम्ही कौसाबाईंना जीपमध्ये बसवले. उज्ज्वला शेजारी बसली आणि तिने म्हातारीचे मनगट पुन्हा हातात घेतले. मी दार लावत होतो, तेवढ्यात ती बाहेर वाकली.

"अप्पा, पहिल्यापासून शिकेन. शेवटच्या बाकावरही बसेन. पण मग आधीच्या पदवीचं काय करू? टाकूनच द्यायची?"

अप्पांनी तिच्या हाताकडे पाहिले.

"अंगठा कुठंय तुझा?"

तिनेही खाली पाहिले.

"खाली आहे... आजींचा हात तोलून धरलाय."

"तिथंच राहू दे."